सहकाऱ्याला सत्तर हजार सुटले, मग मला पस्तीसच का?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या वाचकांचे हे पत्र आहे. त्यांच्या पत्नी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. घरात नऊ वर्षांपूर्वी घेतलेली छोटी गाडी असून ती वाचकांच्या नावावर आहे, आणि गेल्या सहा वर्षांत तिच्या विम्यातून त्यांनी एकदाही भरपाई मागितलेली नाही. आता त्यांना चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर चालणारी, थोडी उंच बांध्याची गाडी घ्यायची आहे. शोरूमने दिलेले कोटेशन असे : एक्स-शोरूम किंमत ९,४२,००० रुपये, आरटीओ १,०८,५००, विमा ४८,२००, अ‍ॅक्सेसरीज १८,५००, वाढीव वॉरंटी १६,३००, हँडलिंग ७,५००, फास्टॅग १,०००, एकूण ११,४२,०००. त्यातून ३५,००० रुपयांची सवलत वजा जाता ११,०७,००० रुपये द्यायचे आहेत. सहा लाखांचे कर्ज शोरूममार्फत घेतल्यास आणखी १०,००० रुपये कमी होणार आहेत. वाचकांच्या सहकाऱ्याने मात्र गेल्या डिसेंबरात पुण्याहून, जुनी गाडी देऊन, हेच मॉडेल घेतले, तेव्हा त्यांना ७०,००० रुपये सुटले. विक्रेता म्हणतो की रविवारपर्यंत बुकिंग केले नाही तर दसऱ्याला गाडी मिळणार नाही; मेहुणे म्हणतात की डिसेंबरपर्यंत थांबा. वाचक विचारतात : आम्हाला फसवले जात आहे का? रास्त सवलत किती असते? शोरूममध्ये बसून घासाघीस करणे शिक्षकाला शोभत नाही असे वाटते, पण पैसे जास्त गेल्याची रुखरुखही नको आहे. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

कोटेशनमधली प्रत्येक ओळ तुम्ही उतरवून पाठवलीत, हे फार बरे केलेत. अशा बहुतेक पत्रांत 'इतके सुटले' एवढाच आकडा असतो आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या यादीतील अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि हँडलिंग या तीन ओळींची बेरीज करून पाहा : ४२,३०० रुपये होतात. यांपैकी काही तुम्ही मागितले होते, असे पत्रात कुठे दिसत नाही. म्हणजे न मागितलेल्या गोष्टींचे ४२,३०० रुपये आधी वर चढवले गेले आणि मग ३५,००० रुपये मोठ्या मनाने खाली उतरवले गेले. 'फसवणूक' हा शब्द मी याला लावणार नाही, कारण सारे काही तुमच्यासमोर कागदावर लिहिलेले आहे. पण ज्याचा आनंद मानावा किंवा ज्याचे वाईट वाटून घ्यावे, अशी सवलत तुम्हाला अजून मिळालेलीच नाही.

सहकाऱ्यांच्या सत्तर हजारांचेही तसेच आहे. तुम्ही शिक्षक आहात. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांवरचे गुण शेजारी मांडून कोणता मुलगा हुशार, हे तुम्ही ठरवणार नाही. त्यांनी डिसेंबरात खरेदी केली आणि जुनी गाडी शोरूमलाच दिली, म्हणजे त्यांच्या सत्तर हजारांत वर्षअखेरीची योजना आहे, एक्स्चेंज बोनस आहे आणि बहुधा 'फुकट' दिलेल्या काही वस्तूंची छापील किंमतही आहे. जुन्या गाडीला बाजारभावापेक्षा किती कमी मिळाले, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यांना किती सुटले हे विचारू नका. एकूण किती रक्कम गेली, त्या बदल्यात काय काय आले आणि जुन्या गाडीचे किती धरले, एवढे विचारा. ते मोकळेपणाने सांगतील असे वाटत असेल तर त्यांचे बिलच पाहून घ्या.

आता सवलत येते कुठून, ते पाहू. तिचे उगम दोन असतात. एक म्हणजे कंपनीची त्या महिन्याची योजना : रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, जुनी गाडी मोडीत काढल्यास बोनस, ठरावीक कंपन्यांच्या किंवा सरकारी नोकरांसाठीची कॉर्पोरेट सवलत, त्याच कंपनीची दुसरी गाडी घेणाऱ्यांसाठी लॉयल्टी बोनस. ही रक्कम मॉडेलप्रमाणे, कधी कधी व्हेरियंटप्रमाणे बदलते, पण एकाच विभागातील सर्व विक्रेत्यांकडे साधारण सारखीच असते. ती मिळवण्यासाठी घासाघीस लागत नाही, पात्रता दाखवावी लागते आणि ती आहे हे माहीत असावे लागते. दुसरा उगम म्हणजे विक्रेत्याने आपल्या नफ्यातून सोडलेला हिस्सा, आणि खरी बोलणी याच हिश्श्यावर होतात. गाडीच्या विक्रीतील त्याचा नफा फार मोठा नसतो. विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि जुन्या गाड्या यांवर त्याची बरीच भिस्त असते, म्हणूनच तुमच्या कोटेशनमध्ये या ओळी न मागता आल्या.

विक्रेत्याला नफ्यातून किती सोडता येते, यावरही वरून दाब असू शकतो. याची नोंद सार्वजनिक कागदपत्रांत आहे आणि तिची सुरुवात आपल्याच भागातून झालेली आहे. मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागात मारुती सुझुकी कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक सवलत देण्यास विक्रेत्यांना मनाई आहे, अशी निनावी तक्रार २०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. चौकशीअंती आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये या कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. खोटे गिऱ्हाईक पाठवून विक्रेत्यांची परीक्षा घेतली जाई आणि ठरल्यापेक्षा जास्त सवलत देताना सापडलेल्या विक्रेत्याला दंड भरावा लागे, असे आयोगाने त्या आदेशात नमूद केले. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. मला येथे सांगायचे आहे ते इतकेच की, 'यापुढे आमच्या हातात नाही' असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटेच बोलत असतो असे नाही. रोखीचा आकडा हलत नसेल तर इतर ओळी हलतात का, ते पाहावे.

एक छोटी सूचना येथेच देऊन ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, उपकर धरून २९ टक्के होता, तो १८ टक्के झाला. ही घट आजच्या एक्स-शोरूम किमतीत उतरलेली आहे. तरीही जुन्या किमतीवर काट मारून 'एवढे कमी झाले' असे दाखवणारे फलक अधूनमधून दिसतात. सरकारने कमी केलेला कर विक्रेत्याच्या उदारपणात धरू नये.

आता तुमच्या कोटेशनच्या ओळी घेऊ. आरटीओची रक्कम ही सर्वांत कमी वादाची असायला हवी. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे. ९,४२,००० रुपयांवर तो १,०३,६२० रुपये होतो. वरच्या ४,८८० रुपयांत नोंदणी शुल्क, अधिभार, कर्जाची नोंद अशी खरी शुल्के येतात. पण त्यांची बेरीज इतकी होते का, हे पावतीच सांगेल. 'प्रत्यक्ष पावतीप्रमाणे' असे शब्द या ओळीसमोर लिहून घ्या आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून निघालेली तुमच्या नावाची पावती मागा. विक्रेता जर तुम्हाला वरचे व्हेरियंट सुचवत असेल, तर आणखी एक हिशेब करून पाहा. समजा ते १०,१५,००० रुपयांचे आहे. दहा लाखांची रेषा ओलांडताच कर १२ टक्के होतो आणि तो पूर्ण किमतीवर लागतो, म्हणजे १,२१,८०० रुपये. किमतीत ७३,००० रुपयांचा फरक दिसतो, पण करासह तो ९१,००० च्या पुढे जातो. शिवाय दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर) वसूल करतो. तो आयकर विवरणपत्रात वजा होऊन मिळतो खरा, पण तोपर्यंत पैसे खिशातून गेलेलेच असतात.

हँडलिंगच्या ७,५०० रुपयांविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते देऊ नका. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा आणि तयार करून देण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. 'हे कोणत्या शुल्काचे आहेत आणि याची सरकारी पावती मिळेल का' असे शांतपणे विचारले की बहुतेक ठिकाणी ही ओळ आपोआप गळून पडते. नंबर प्लेटचे वेगळे पैसे कोणी मागितले तर तेही नाकारा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबतच द्यावी लागते. फास्टॅगच्या हजारांपैकी किती रक्कम तुमच्या खात्यात शिल्लक राहणार, एवढे विचारले की पुरे.

अ‍ॅक्सेसरीजमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर अशा वस्तू असतात आणि त्यांतल्या निम्म्या तुम्हाला लागतीलही. पण किट म्हणून एकगठ्ठा घेऊ नका, हव्या तेवढ्याच निवडा किंवा बाहेरून घ्या. टेफ्लॉन कोटिंग आणि तत्सम 'संरक्षण' यांना नाही म्हणायला संकोच करू नका. माझ्या पहिल्या गाडीला मी ते करून घेतले होते. दोन पावसाळ्यांनंतर माझ्या गाडीत आणि शेजाऱ्यांच्या बिनकोटिंगच्या गाडीत फरक शोधण्यासाठी आम्ही दोघे वाकून वाकून पाहत होतो. वाढीव वॉरंटीची गोष्ट वेगळी आहे. नऊ नऊ वर्षे गाडी वापरणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडू शकते. मात्र बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती घेता येते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा निर्णय करण्याची निकड नाही. उशिरा घेतल्यास किंमत किती वाढते, तेवढे विचारून ठेवा.

विमा ही तुमच्या बाबतीतली सर्वांत मोलाची ओळ आहे आणि तुमच्या पत्रावरून असे दिसते की तिच्याकडे अजून कोणाचेच लक्ष गेलेले नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते, तो सगळीकडे एकच, त्यात बोलण्यासारखे काही नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. हा विमा शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही; विमा नियामकाने २०१७ मध्ये वाहन विक्रेत्यांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार ग्राहकाला विमा कंपनी निवडण्याची मोकळीक आहे. दुसरे असे की, सहा वर्षे भरपाई न मागितल्यामुळे तुमच्या नावावर ५० टक्के नो क्लेम बोनस (नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यातली सूट) जमा आहे. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेता येते आणि ते नव्या गाडीच्या विम्याला लावता येते. समजा नुकसानीच्या भागाचा हप्ता २०,००० रुपये आहे, तर १०,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, असे ११,८०० रुपये वाचतात. तुमचे ४८,२०० रुपये कोणताही बोनस न धरता काढलेले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

येथे एक पेच आहे आणि तो तुमच्यासारख्या दोघेही नोकरी करणाऱ्या अनेक घरांत पडतो. पत्नी सरकारी नोकरीत असल्याने कॉर्पोरेट सवलत त्यांच्या नावावर गाडी घेतल्यास मिळू शकेल, म्हणून विक्रेता कदाचित तसे सुचवेल. पण नो क्लेम बोनस तुमच्या नावावर आहे आणि तो हयातीत पत्नीच्या नावे फिरवता येत नाही. एक्स्चेंज बोनस पती-पत्नींमध्ये सहसा चालतो; नो क्लेम बोनस चालत नाही. तेव्हा आधी विचारा की तुमच्या अनुदानित शाळेतील नोकरीला कंपनीच्या यादीत स्थान आहे का. काही कंपन्यांच्या योजनेत शिक्षक धरलेले असतात. असेल तर प्रश्नच मिटला : गाडी तुमच्या नावावर, दोन्ही लाभ तुमचे. नसेल तर दोन आकडे शेजारी मांडा आणि मोठा असेल तो निवडा. मात्र गाडी कोणाच्या नावावर असावी याला घरात दुसरी काही कारणे असतील, गाडी मुख्यतः त्याच चालवणार असतील किंवा पहिली गाडी तुमच्या नावावर होती म्हणून ही त्यांच्या नावावर असावी असे दोघांना वाटत असेल, तर चार-पाच हजारांसाठी ते कारण मोडू नका. (साताऱ्यात घरोघरी सैन्यातले कोणी ना कोणी असते, म्हणून सांगून ठेवतो : कॅन्टीनमार्फत मिळणारी गाडी स्वस्त पडते, पण ती त्या जवानाच्या किंवा माजी सैनिकाच्याच नावावर घ्यावी लागते. काकांच्या नावावर घेऊन वापरायची आपण, असले बेत करू नयेत.)

विम्याची तुलना करताना हप्त्याचा आकडाच तेवढा पाहू नका. नव्या गाडीची विमा रक्कम कंपनीच्या सूचीतील किमतीच्या ९५ टक्के असते, म्हणजे तुमच्या गाडीला ती सुमारे ८,९५,००० रुपये यायला हवी. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवता येतो. घसारा न कापण्याचे कलम दोन्हींकडे आहे का आणि तुमच्या जवळच्या वर्कशॉपमध्ये त्या विमा कंपनीची कॅशलेस सोय आहे का, हेही पाहा. बाहेरचा लेखी दर हातात घेऊन शोरूममध्ये गेलात, तर पुष्कळदा ते स्वतःच तेवढ्यावर येतात, आणि मग तिथूनच विमा घ्यायला काही हरकत नाही.

कर्जावरच्या १०,००० रुपयांच्या सवलतीला तर मी कोटेशनमधला सर्वांत महागडा गोडवा म्हणेन. सहा लाखांचे पाच वर्षांचे कर्ज ९ टक्के दराने घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडतो. दर १० टक्के असेल तर तो १२,७४८ होतो. महिन्याला फरक तीनशे रुपयांहूनही कमी, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण साठ हप्त्यांत तो साडेसतरा हजारांवर जातो. शोरूमच्या बँकेचा दर तुमच्या पगाराच्या बँकेपेक्षा एका टक्क्याने जास्त असेल, तर दहा हजार घेऊन साडेसतरा हजार दिल्यासारखे होईल. दर सारखाच असेल तर दहा हजार अवश्य घ्या. त्यात कमीपणा काही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत बँकेने मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर असतो. दोन्ही बँकांचे तेच दोन आकडे ताडून पाहा, आणि कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास काय आकारणार, तेही वाचा. हप्ता हलका करण्यासाठी मुदत सात वर्षे करून देतो, असे कोणी म्हटले तर ९ टक्क्यांनीच व्याज सुमारे ६३,००० रुपयांनी वाढते, एवढे लक्षात असू द्या. सवलतीसाठी तुम्ही जी धडपड करत आहात, ती सारी त्यात वाहून जाईल.

जुन्या गाडीचे काय करणार, हे तुम्ही लिहिलेले नाही. शोरूमने दिलेली किंमत आणि एक्स्चेंज बोनस या दोन्हींची बेरीज एका बाजूला ठेवा, आणि दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवून आलेला बाहेरचा भाव दुसऱ्या बाजूला. शोरूमने १,६०,००० धरून २५,००० चा बोनस दिला आणि बाहेर २,०५,००० मिळत असतील, तर तो बोनस तुमच्याच पैशांतून आलेला आहे. त्याच वेळी बाहेर विकण्यात होणारा त्रासही हिशेबात धरा. पाच-सात हजारांचाच फरक असेल, तर मी स्वतः गाडी शोरूमला देऊन मोकळा होईन. कोणालाही दिली तरी नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे आरटीओचे अर्ज) वर सह्या करून नावे हस्तांतरित होईपर्यंत पाठपुरावा करा. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरसी बुकात नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. गाडी आपल्या ताब्यात नव्हती, या म्हणण्याने सुटका होत नाही.

आता दसरा की डिसेंबर, हा प्रश्न. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा हा गाडी घेण्याचा आपल्याकडचा सर्वांत लाडका दिवस, आणि नेमकी त्यामुळेच त्या दिवशी विक्रेत्याला सवलत देण्याची गरज उरत नाही. त्या सकाळी शोरूममध्ये हारांची आणि पेढ्यांची इतकी गर्दी असते की गाडी नीट तपासून घ्यायलाही सवड मिळत नाही. याच्या उलट पितृपक्षाचा पंधरवडा : गिऱ्हाईक फिरकत नाही, महिन्याचे उद्दिष्ट मात्र कंपनी कमी करत नाही. बोलणी करायला वर्षातला तो फार चांगला काळ. तुम्ही पितृपक्ष पाळत असाल तर गाडी त्या दिवसांत घरी आणू नका, पण भाव ठरवून लेखी घ्यायला कोणते शास्त्र आड येत नाही. फक्त एक गोष्ट सांभाळा : कंपनीची योजना सहसा बुकिंगच्या नव्हे तर बिलाच्या महिन्याला लागू होते आणि किंमतही डिलिव्हरीच्या दिवशीची धरली जाते. सप्टेंबरात ठरवलेली सवलत ऑक्टोबरच्या बिलात राहील का, हे कोटेशनवर लिहून घेतले नाही तर ऐन वेळी तोंडघशी पडायला होते. आणि दसऱ्याच्या पूजेचे म्हणाल, तर चार आठवडे आधी आलेल्या गाडीलाही त्या दिवशी झेंडूची माळ घालता येते.

मेहुण्यांच्या डिसेंबरातही तथ्य आहे. वर्ष बदलले की शोरूममधली उरलेली गाडी कागदोपत्री एका वर्षाने जुनी होते, म्हणून ती संपवण्याची घाई असते. तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्याला हा सौदा फसवा ठरतो, कारण पुनर्विक्रीच्या वेळी उत्पादनाचे वर्ष पाहून तेवढेच पैसे कापले जातात. तुमच्यासारख्या नऊ वर्षे वापरणाऱ्याला तो फरक जवळजवळ जाणवत नाही. माझे मत विचाराल तर, जुनी गाडी अजून धावत असेल आणि घरात कोणाला दसऱ्याचा आग्रह नसेल, तर थांबण्यात तुमचा फायदा आहे. घरात मुले दसऱ्याची वाट पाहत असतील, तर तो आनंदही पैशांनीच विकत घेतोय हे समजून उमजून घ्या आणि मग हिशेब मागे सोडून द्या. रविवारच्या मुदतीचे मात्र ओझे मानू नका. महिनाअखेरीला योजना बदलते, ही खरी मुदत असते. रविवारची मुदत बहुधा त्या विक्रेत्याच्या आठवड्याच्या उद्दिष्टाची असते.

राहिला तुमचा संकोच. मंडईत मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करून घेताना आपल्यापैकी बहुतेकांना लाज वाटत नाही, आणि अकरा लाखांच्या खरेदीत, वातानुकूलित दालनात कोणी थंड सरबत पुढे केले की आपली जीभ जड होते. तुम्हाला तर आवाज चढवण्याची किंवा उठून जाण्याचे नाटक करण्याचीही गरज नाही. मॉडेल, व्हेरियंट आणि रंग नेमका लिहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि पुणे येथील विक्रेत्यांना एकच ईमेल पाठवा : हँडलिंग आणि अ‍ॅक्सेसरीजशिवाय, विमा वगळून आणि विम्यासह, कर्जाशिवाय, कॉर्पोरेट सवलत धरून एकूण रक्कम किती, आणि गाडीच्या उत्पादनाचा महिना कोणता. दोन शोरूमचा मालक एकच नाही ना, ते पाहा. बऱ्याचदा वेगवेगळ्या गावांतल्या पाट्या एकाच घराण्याच्या असतात आणि तिथे स्पर्धा नावापुरतीच असते. आलेल्या उत्तरांपैकी सर्वांत कमी रक्कम घेऊन साताऱ्याच्या शोरूममध्ये जा, विक्री व्यवस्थापकांना भेटा (समोर बसलेल्या तरुणाच्या हातात फारसे नसते, त्याला ताणून उपयोग नाही) आणि सांगा की सर्व्हिसिंगसाठी गाव सोडून जायचे नाही, म्हणून गाडी येथूनच घ्यायची इच्छा आहे. या रकमेच्या जवळ याल का? पुण्यापेक्षा चार-पाच हजार जास्त पडले तरी मी गावातच घेईन, कारण काही बिघडले तर जाऊन बसता येते.

रास्त सवलत किती, याला एकच आकडा नाही. चालणाऱ्या मॉडेलवर पाच हजारही मिळत नाहीत आणि पडून राहिलेल्यावर लाखभर सुटतात. पण तुमच्या कोटेशनपुरते सांगतो. हँडलिंगचे ७,५०० आणि अ‍ॅक्सेसरीजमधले निदान १०,००० गेले, वॉरंटी पुढे ढकलली, विम्यात बोनस धरून ११,००० च्या आसपास वाचले, तर ३५,००० ची सवलत आहे तेवढीच राहिली तरी ११,०७,००० ची रक्कम १०,६२,००० च्या जवळ येते. यात कोणाशी हुज्जत घालावी लागलेली नाही. त्यावर कॉर्पोरेट सवलत मिळाली तर ती वेगळी.

व्यवहार ठरला की बुकिंगची रक्कम पाच-दहा हजारांपुरतीच ठेवा आणि रद्द केल्यास किती परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि पासिंग होण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहा. चासी नंबर टिपून घ्या आणि तोच नमुना २२ वर (गाडीसोबत येणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर) आहे का, त्यावर उत्पादनाचा महिना कोणता आहे, ते ताडा. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनी यांत फार अंतर नको. सर्व पैसे तुमच्याच खात्यातून, विक्रेत्याच्या संस्थेच्या नावाने जाऊ द्या, आणि बिलावरची सवलत व कोटेशनवरची सवलत जुळते का, हे तिथेच बसून तपासा. जुनी गाडी ज्या दिवशी हातावेगळी कराल, त्या दिवशी तिचा फास्टॅगही बँकेला कळवून बंद करा. नाहीतर ती गाडी घेणारा पुण्याला जाईल आणि आनेवाडीच्या नाक्यावरचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.